एका ‘क्लिक’चा हिशेब

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. खाशाबाही कोल्हापूरच्याच तालमीत घडलेले. त्यामुळे लाल मातीच्या या जिल्ह्यात आता रायफलीचीही चर्चा घरोघरी होऊ लागली. जिल्ह्याला नेमबाजी नवी नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि सुवर्ण जिंकले. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणले.

जयसिंगपूर, इचलकरंजी, शिरोळ अशा गावांतले आईवडील मुलाला किंवा मुलीला नेमबाजीच्या क्लासला घालण्याचा विचार करतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘डोळे तेवढे तीक्ष्ण आहेत का? चष्मा आहे, चालेल का?’ प्रश्न रास्त आहे. पण नेमबाजीत डोळ्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त काम एका छोट्या चकतीचे असते. ही चकती रायफलीच्या साइटवर असते. ती फिरवली की बारीक ‘टक’ असा आवाज येतो. त्याला क्लिक म्हणतात. कोणत्या वेळी किती क्लिक फिरवायचे आणि कोणत्या वेळी चकतीला हातच लावायचा नाही, हा या खेळातला खरा हिशेब. तो समजून घेतला तर घरातल्या ग्लुकोमीटरकडे आणि रक्तदाबाच्या यंत्राकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

साडेपाच मिलिमीटर

पॅरिसच्या अंतिम फेरीत स्वप्नीलचे गुण होते ४५१.४. हे गुण ४४ गोळ्यांचे. म्हणजे एका गोळीला सरासरी १०.२६. या प्रकारात लक्ष्याच्या मधल्या ‘दहा’च्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. गोळीची कड वर्तुळाला टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणून गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत असेल तर दहा किंवा त्याहून अधिक गुण. त्याच्या आत प्रत्येक ०.८ मिलिमीटरला गुणाचा एक दशांश वाढतो, आणि सर्वोत्तम गोळीला १०.९ मिळतात. यावरून १०.२६ ची सरासरी म्हणजे केंद्रापासून सुमारे साडेपाच मिलिमीटरचे अंतर. ५० मीटरवरून, कधी गुडघ्यावर, कधी आडवे पडून, कधी उभ्याने, चुकून चुकून चुकायचे ते एवढेच.

आता डोळ्याकडे वळू. डोळ्यांच्या दवाखान्यात ६ मीटरवरचा तक्ता वाचायला लावतात. ज्याची नजर ६/६ आहे, त्याला एक मिनिट कोनाएवढा बारकावा ओळखता येतो. हे मिनिट घड्याळातले नव्हे. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मिनिट. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण ३० मिनिटांएवढा दिसतो. ५० मीटरवर एक मिनिट म्हणजे साडेचौदा मिलिमीटर. म्हणजे निरोगी डोळ्यालासुद्धा तिथला साडेपाच मिलिमीटरचा फरक सुटा ओळखता येत नाही.

मग नेम लागतो कसा? ऑलिंपिकच्या रायफलीवर दुर्बीण लावायला परवानगी नाही. डोळ्याजवळ एक बारीक छिद्र असते आणि नळीच्या टोकाला एक कडे. नेमबाज छिद्रातून कडे पाहतो आणि कड्याच्या मधोमध लक्ष्याचा काळा गोल बसवतो. वर्तुळात वर्तुळ मधोमध आहे की एका बाजूला सरकले आहे, हे ओळखण्यात आपला मेंदू फार तरबेज आहे. दोन रेषा एका ओळीत आहेत की नाहीत, हे आपण मिनिटाच्या सहाव्या भागाइतक्या बारकाव्यानेही सांगू शकतो. भिंतीवरची तसबीर किंचित तिरकी असली तरी खटकते, त्यातलाच हा प्रकार. शिवाय बारीक छिद्रातून पाहिल्याने जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. त्यामुळे योग्य नंबरचा चष्मा हा नेमबाजीतला अडथळा नाही. नेमबाजांसाठी भिंग डोळ्यासमोर नीट बसवता येईल अशा खास फ्रेम मिळतात. नंबर न तपासता मुलाला रेंजवर उभे करणे मात्र चूक.

गोळी सरळ जात नाही

सिनेमात गोळी सरळ रेषेत जाते. प्रत्यक्षात ती नळीतून बाहेर पडल्याक्षणी खाली पडू लागते. हातातून सुटलेला दगड ज्या वेगाने खाली जातो, त्याच वेगाने. फरक इतकाच की पडता पडता ती पुढेही धावत असते.

स्वप्नीलच्या प्रकारात .२२ बोअरची रायफल वापरतात. तिची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते आणि हवेच्या विरोधामुळे थोडी मंदावत ५० मीटरला सुमारे ०.१६ सेकंदात पोहोचते. पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ. तेवढ्यात ती सुमारे साडेबारा सेंटीमीटर खाली येते. म्हणजे नळी अगदी लक्ष्याच्या मध्यावर रोखली तर गोळी मध्यावर तर नाहीच, काळ्या गोलाच्याही बाहेर जाईल. कारण त्या काळ्या गोलाचा व्यासच ११.२४ सेंटीमीटर आहे. म्हणून नळीचे तोंड किंचित वर ठेवावे लागते. हा ‘किंचित’ किती, हे साइट ठरवते. डोळ्याची रेषा आणि नळीची रेषा यांच्यात साइट एक बारीक कोन ठेवते, आणि क्लिक फिरवणे म्हणजे हाच कोन कमीजास्त करणे.

अंतर वाढले की हिशेब झपाट्याने बदलतो. ३०० मीटरच्या स्पर्धेत मोठ्या काडतुसाची रायफल असते. तिच्या वेगवान गोळीला तिथे पोहोचायला सुमारे ०.४ सेकंद लागतात आणि घसरण होते पाऊण मीटरच्या आसपास. याच जातीची गोळी १००० मीटरवर पोहोचायला दीड सेकंदाहून अधिक घेते आणि घसरण १० मीटरच्या पुढे जाते. तिमजली इमारतीएवढी. अंतर वाढले तिपटीहून थोडे जास्त, घसरण मात्र दहापटीहून अधिक. कारण घसरण वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि त्यात गोळीही मंदावत जाते. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत रायफलीवर दुर्बीण असते. तिच्या चकतीवर या प्रत्येक अंतरासाठी किती क्लिक, याचा तक्ता नेमबाज स्वतः गोळ्या मारून, नोंदी ठेवून तयार करतो.

आर्यभटाचा आकडा

हा हिशेब सेंटीमीटरमध्ये केला तर प्रत्येक अंतराला वेगळा आकडा येतो. म्हणून नेमबाज कोनाच्या भाषेत बोलतात. दोन मापे चालतात. एक म्हणजे वर सांगितलेले मिनिट. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २.९ सेंटीमीटर. दुसरे मिल. अंतराचा हजारावा भाग म्हणजे एक मिल. १०० मीटरवर १० सेंटीमीटर, एक किलोमीटरवर एक मीटर. एका मिलमध्ये जवळपास ३.४४ मिनिटे असतात.

या शेवटच्या आकड्याला आपल्याकडे दीड हजार वर्षांचा इतिहास आहे. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने ‘आर्यभटीय’ लिहिले. त्यात ज्यांचा तक्ता आहे, म्हणजे आज शाळेत आपण ज्याला साइन म्हणतो त्याचा. त्यासाठी वर्तुळाची त्रिज्या धरली आहे ३४३८. हाच आकडा का? वर्तुळाच्या परिघात ३६० अंश, म्हणजे २१,६०० मिनिटे. परीघ मिनिटांत मोजला तर त्रिज्या येते ३४३८ मिनिटे. आजचा नेमबाज मिनिटांवरून अंतर काढताना नेमका याच ३४३८ ने गुणतो. आणखी एक गंमत. ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य आणि त्याची टोके जोडणारी रेषा ही दोरी. हा शब्द अरबीत ‘जीबा’ झाला, पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला आणि लॅटिन भाषांतरात त्याचा ‘सायनस’ झाला. साइनच्या मुळाशी असे धनुष्यच आहे.

क्लिकचे गणित आता सोपे होईल. समजा दुर्बिणीचा एक क्लिक म्हणजे मिलचा दहावा भाग. ५० मीटरवर तो गोळीला ५ मिलिमीटर सरकवतो. पाच गोळ्यांचा पुंजका मध्यापासून १५ मिलिमीटर खाली आणि १० मिलिमीटर डावीकडे पडला असेल, तर तीन क्लिक वर आणि दोन क्लिक उजवीकडे. दुसऱ्या दुर्बिणीत एक क्लिक पाव मिनिटाचा असेल तर ५० मीटरवर तो ३.६ मिलिमीटर होतो. तिथे चार वर आणि तीन उजवीकडे. हीच दुर्बीण १०० मीटरवर नेली की तोच क्लिक दुप्पट सरकवतो. नवशिक्यांची पहिली गफलत इथेच होते. क्लिक तोच असतो, पण अंतर बदलले की त्याची किंमत बदलते.

अंतर कसे ओळखायचे?

ऑलिंपिकच्या रेंजवर अंतर ठरलेले असते. पण काही स्पर्धांत ते सांगितले जात नाही, नेमबाजाने स्वतः ओळखायचे असते. त्याची रीत कुणालाही रायफलीशिवाय करून पाहता येईल.

जयसिंगपुरातून शिरोळमार्गे नृसिंहवाडीकडे जाणारा रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना सपाट शेते, ऊस, मध्येच विजेचे खांब. हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटा आणि करंगळी समोर धरा. तिची रुंदी साधारण एक अंश, म्हणजे सुमारे १७ मिल झाकते. अंगठा साधारण दोन अंश झाकतो. आता सूत्र असे : वस्तूचा आकार मीटरमध्ये घ्यायचा, त्याला १००० ने गुणायचे आणि ती वस्तू जितके मिल दिसते त्या आकड्याने भागायचे. उत्तर मीटरमध्ये येते. एखादा खांब जमिनीपासून ८ मीटर उंच आहे असे ठाऊक असेल आणि करंगळी आडवी धरल्यावर तो वरपासून खालपर्यंत नेमका झाकला जात असेल, तर ८००० भागिले १७, म्हणजे सुमारे ४७० मीटर. मोबाइलच्या नकाशावर ते अंतर ताडून पाहा. पहिल्या प्रयत्नात शंभरेक मीटरची चूक होईल, कारण प्रत्येकाची करंगळी आणि हाताची लांबी वेगळी. दुर्बिणीतल्या रेषांवर हीच मोजणी अधिक बारीक होते.

पण अंदाज चुकला तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. एक मीटर रुंदीचा फलक दुर्बिणीत २ मिल दिसला तर अंतर ५०० मीटर. वाचताना जरा हात हलला आणि २.२ मिल वाचले तर उत्तर येते ४५५ मीटर. डोळ्याची चूक मिलच्या दोन दशांशांची, अंतराची चूक ४५ मीटरची. त्या अंतराप्रमाणे क्लिक लावले तर गोळी ५०० मीटरवर सुमारे ३० सेंटीमीटर खाली पडते. ३०० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १० सेंटीमीटरचे असते, त्यावरून या चुकीचा अंदाज यावा. म्हणून जाणकार नेमबाज एकदाच मोजत नाहीत. रुंदी मोजतात, उंची मोजतात, पुन्हा मोजतात आणि मग सरासरी धरतात.

वारा : मोजता येणारा आणि न येणारा

घसरणीचा तक्ता करता येतो. वाऱ्याचा येत नाही. उसाच्या फडात बांधावर उभे राहिले तर जाणवते की डाव्या हाताचे शेंडे एकीकडे झुकले आहेत आणि दोनशे पावलांवरचे दुसरीकडे. गोळी या सगळ्या वाऱ्यांतून जाते.

.२२ च्या गोळीला ५० मीटरवर सेकंदाला एक मीटर इतका आडवा वारा साधारण ६ मिलिमीटर सरकवतो. एवढा वारा गालाला जेमतेम जाणवतो. उदबत्तीचा धूर कलतो, पण झाडाचे पान हलेलच असे नाही. ६ मिलिमीटर म्हणजे गुणांत पाऊण गुणाचा फरक. जिथे सरासरी साडेपाच मिलिमीटरची आहे, तिथे अशी एक न दिसणारी झुळूक सगळी मेहनत गिळू शकते. म्हणून रेंजवर लक्ष्यापर्यंत ठिकठिकाणी हलक्या कापडाच्या झेंड्या लावतात. नेमबाज सगळ्या झेंड्या पाहतो.

दिशाही महत्त्वाची. वारा काटकोनात आला तर त्याचा पूर्ण परिणाम होतो. समोरून किंवा पाठीमागून आला तर आडवा परिणाम जवळपास शून्य. नेमाच्या रेषेशी ३० अंशांत आला तर निम्मा. पुन्हा आर्यभटाच्या तक्त्यात पाहा : ३० अंशांची ज्या १७१९, म्हणजे ३४३८ ची बरोबर निम्मी. ४५ अंशांत आलेला वारा निम्मा धरण्याची चूक सहज होते. तो प्रत्यक्षात सुमारे ७० टक्के असतो.

वारा सतत बदलत असेल तर अनुभवी नेमबाज प्रत्येक झुळकीमागे क्लिक फिरवत बसत नाही. तो एक स्थिती निवडतो. झेंड्या अमुक इतक्या झुकल्या की मारायचे, नाहीतर रायफल खाली घेऊन थांबायचे. वेळ संपत असताना थांबणे हे या खेळातले अवघड कौशल्य मानतात.

हवेची घनताही हिशेबात येते. जयसिंगपूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर. इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ. उन्हाळ्यात ती आणखी विरळ होते आणि गोळीला विरोध कमी होतो. ५० मीटरवर हा फरक नगण्य असतो, पण १००० मीटरवर तो नोंदवहीत लिहून ठेवावा लागतो.

हात आवरण्याचे शास्त्र

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. समजा साइट अगदी बरोबर लावली आहे आणि वारा पडला आहे. तरीही सगळ्या गोळ्या एकाच छिद्रातून जात नाहीत. हाताची सूक्ष्म थरथर, नाडीचा ठोका, काडतुसातल्या दारूचा किंचित कमीजास्तपणा यामुळे त्या मध्याभोवती विखुरतात. हा विखुरलेपणा कुणाची चूक नाही. तो असतोच.

नवशिक्याची एक गोळी डावीकडे पडली की तो लगेच उजवीकडे क्लिक फिरवतो. पुढची जरा उजवीकडे पडली की पुन्हा डावीकडे. त्याला वाटते आपण सुधारणा करतोय. गणित उलट सांगते. प्रत्येक गोळीनंतर तिच्याएवढी पूर्ण दुरुस्ती केली, तर पुढच्या गोळीत तिची स्वतःची चूक असतेच, वर मागच्या गोळीची चूक साइटमध्ये कायम झालेली असते. दोन चुका एकत्र आल्या की विखुरलेपणा सुमारे १.४ पट होतो. साडेपाच मिलिमीटरची सरासरी पावणेआठवर जाते. गुणांत पाहिले तर गोळीमागे पाव गुणाहून अधिक तोटा आणि ४४ गोळ्यांत सुमारे १२ गुण. पॅरिसमध्ये सुवर्ण आणि रौप्य यांत फरक होता तो २.३ गुणांचा. याचा अर्थ, एखादा उत्तम नेमबाज केवळ क्लिकला सतत हात लावून पदकाबाहेर जाऊ शकतो.

मग करायचे काय? एका गोळीवरून निर्णय घ्यायचा नाही. चार-पाच गोळ्यांचा पुंजका पाहायचा आणि त्याचा मध्य शोधायचा. चार गोळ्यांच्या सरासरीतली अनिश्चितता एका गोळीच्या निम्मी असते, नऊ गोळ्यांची एक तृतीयांश. पुंजक्याचा मध्यच सरकलेला असेल तर क्लिक फिरवायचे, नसेल तर हात आवरायचा. अपवाद एकच. गोळी भलतीकडेच गेली तर सरासरीची वाट न पाहता रायफल खाली ठेवून साइट सैल झाली आहे का ते तपासायचे.

घरातला क्लिक

हाच प्रकार आपल्या घरात रोज घडतो. मधुमेही माणूस सकाळी ग्लुकोमीटरवर १६८ पाहतो आणि स्वतःच्या मनाने गोळी वाढवतो. दुसऱ्या दिवशी १३२ येते, मग अर्धी गोळी कमी करतो. ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर १०० च्या वर असताना १०० पैकी ९५ मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के आतबाहेर आल्या तरी यंत्र योग्य ठरते. खरी साखर १५० असेल तर यंत्रावर १२८ ते १७२ मधला कोणताही आकडा येऊ शकतो. म्हणजे १६८ आणि १३२ यांच्यामागे एकच साखर असू शकते. बदललेली असते ती फक्त गोळी.

रक्तदाबाचेही तसेच. जिना चढून आल्याबरोबर, चहा पिताना, बोलता बोलता घेतलेली एक मोजणी म्हणजे वाऱ्यात मारलेली एक गोळी. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन मोजण्या घ्याव्यात. असे आठवडाभर करून वहीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. क्लिक कधी आणि किती फिरवायचा हे त्यांनी ठरवायचे. अपवाद इथेही आहेत. साखर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हातपाय थरथरू लागले तर सरासरीची वाट पाहायची नाही, लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यायचे. रक्तदाब १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणे, बोलताना जीभ अडखळणे, धाप लागणे असे काही असेल तर थेट दवाखाना गाठायचा.

रेंजवर जाण्यापूर्वी

मुलांना या खेळात घालणाऱ्यांसाठी काही गोष्टी. सुरुवात १० मीटर एअर रायफलने होते. तिच्या लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. घरच्या रिकाम्या खोलीत वारा नसल्याने शरीराची स्थिरता शिकायला हा प्रकार चांगला. .२२ सारख्या रायफलींना शस्त्र परवाना आणि रीतसर संस्थेचे सदस्यत्व लागते. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष मराठीच होते, लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे.

कान जपायला हवेत. .२२ चा आवाजही नेमबाजाच्या कानाशी १४० डेसिबलच्या घरात जातो, मोठ्या काडतुसाचा त्याहून बराच वर. अशा आवाजाने आतल्या कानातल्या पेशी गेल्या की परत येत नाहीत. म्हणून शेजारी सराव चालू असतानाही कानाचे संरक्षण काढायचे नाही. गोळ्या आणि पेलेट शिशाच्या असतात. बंदिस्त रेंजमध्ये हवा खेळती हवी. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूला सर्वाधिक घातक असते.

आणि औषधांचा मोह नको. हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या, हाताची थरथर कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांवर नेमबाजीत बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका पिस्तुल नेमबाजाची दोन पदके याच कारणाने परत घेतली गेली. रक्तदाबासाठी अशी गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती परस्पर बंद करणेही धोक्याचे. डॉक्टर आणि प्रशिक्षक दोघांना सांगूनच निर्णय घ्यायचा. थरथर कमी करण्याचा खरा मार्ग श्वासात आहे. श्वास सोडल्यावर जो काही सेकंदांचा स्वाभाविक विराम असतो, त्यात घोडा दाबायचा. तो विराम निघून गेला तर रायफल खाली घेऊन पुन्हा श्वास घ्यायचा.

मुलांना रेंजवर पाठवाल तेव्हा पहिल्या दिवशी गुण विचारू नका. सोबत एक वही द्या. त्यात तारीख, वारा, गोळ्यांचा पुंजका आणि फिरवलेले क्लिक लिहायला सांगा. महिनाभराने ती वही उघडून पाहा. कुठे फिरवायला हवे होते आणि कुठे उगाच फिरवले, हे दोन्ही त्यात दिसेल. वही आणताना एक जास्तीची आणा. ती घरातल्या रक्तदाबाच्या यंत्राशेजारी ठेवता येईल.